थेपाटीचा घोडा

“मेलेल्यांनाही घोडा मिळणार का?”

अलाग्वाने खणखणीत आवाजात विचारलं, आणि शाळेच्या ओट्यावर वही मांडून बसलेल्या गोऱ्या सरकारच्या कारकुनाची लेखणी दौतीतच थांबली.

कुंपणामागे तिच्या मैत्रिणी थीपी आणि वापेथी एकमेकींच्या दंडाला चिमटे काढत उभ्या होत्या. पैज त्यांचीच. सकाळपासून तो कारकून एकेका घराला पुढे बोलवत होता. माणसं किती, घोडे किती, आजारी किती. वापाकोनेटा गावातून मिसिसिपीच्या पलीकडे न्यायच्या लोकांची यादी चालली होती. धुराच्या बोटीत पाय ठेवणार नाही, असं म्हाताऱ्या बायांनी साफ सांगितल्यापासून सगळं घोड्यांवर येऊन ठेपलं होतं. मानेवर माशी बसली की कारकूनही घोड्यासारखीच मान झटकायचा, आणि पोरींना हसू आवरेना.

“ह्याला असं काहीतरी विचारलं पाहिजे की त्याच्या वहीत त्याला जागाच सापडू नये,” थीपी म्हणाली होती. प्रश्नही तिनेच काढला. “पण विचारणार कोण? इंग्रजीत जिची जीभ अडखळत नाही अशी आपल्यात एकच. आणि ती पडली भित्री.”

“भित्री कोण गं?”

“माझी निळ्या मण्यांची माळ लावते. अख्खी!”

वर्षापूर्वीची अलाग्वा असती तर खरंच पळाली असती. पण ह्या चौदाव्या वर्षी तिला काहीतरी झालं होतं. टॅबिथाबाईंच्या शाळेत ती सगळ्यांपेक्षा मोठ्याने वाचायची. चेंडूच्या खेळात पुरुषांच्या घोळक्यात घुसून चेंडू पळवायची. बोलायला लागली की तोंडाआधी तिचे हातच बोलायचे. पैज लागली आणि ती थेट पायरी चढून वर गेली.

कारकुनाने तिच्याकडे बघितलं. मग हसला. वाईट नव्हता तो, दमलेला होता. “मेलेले माझ्या यादीत नाहीत, पोरी. ते आहेत तिथेच राहतील. चला, पुढचं घर.”

“काय गं, काय विचारलंस त्याला?” रांगेतल्या एका बाईने हाक मारली.

अलाग्वा मागे वळली आणि आपल्या भाषेत, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात, तिने प्रश्नही सांगितला आणि उत्तरही. तिला वाटलं, बाया पोट धरून हसतील. कुणीतरी एक फिस्सकन हसलंही. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. एका म्हातारीने घोंगडी डोक्यावरून पुढे ओढून घेतली. आणि त्याच रांगेत सातव्या जागी अलाग्वाची आई उभी होती. मेथाकी. जिचा सहा वर्षांचा मुलगा दोन महिन्यांपूर्वी टेकाडावर पुरला होता.

थीपीने शब्द पाळला, माळ दिली. अलाग्वाने ती गळ्यात घातली, आणि घराच्या वाटेवरचा ओढा यायच्या आत काढून मुठीत आवळून धरली.

घरी आई चुलीपुढे बसली होती. मडक्यात रानकंद शिजत होते, वर खाजकुइलीसारख्या चावऱ्या पाल्याची मूठ. असलं शिजताना वासही येत नाही, नुसती वाफ येते.

“काय म्हणाला तो?” आईने विचारलं.

“कोण?”

“तो लिहिणारा. घोड्याचं विचारलंस ना त्याला.”

“आई, ती गंमत होती. थीपीने पैज लावली, म्हणून...”

“गंमत असू दे. नीट सांग. रागावून म्हणाला, की खरंच म्हणाला?”

“खरंच म्हणाला. आहेत तिथेच राहतील.”

मेथाकीने मान हलवली. पळीने मडक्यातलं हलवलं. “आपल्याकडे तीन घोडे आहेत,” ती मडक्यालाच म्हणाली.

तीन घोडे होते, बाकीचे विकले होते. गाय विकली होती, डुकरं विकली होती, नांगर विकला होता. गेल्या वर्षी पानगळीच्या आधी गावाची जमीन गोऱ्यांना देण्याच्या कागदावर खुणा झाल्या तेव्हा साहेबांनी सांगितलं होतं, वसंतात निघायचं, पेरू नका. आता पेरणीआधी भाकरीचा नाच व्हावा लागतो. बाया भाकऱ्या भाजतात, पुरुष शिकार आणतात, आणि मग नाचाची थोरली, सगळ्या बायांची म्होरकी, आकाशात टोपली विणत बसलेल्या आपल्या सगळ्यांच्या आजीकडे पीक मागते. त्या वसंतात थोरली म्हणाली, “जे पीक आपण कापणार नाही, ते मागायचं कुठल्या तोंडाने? आजीशी खोटं बोलायचं?” म्हणून नाच झाला नाही. नाच नाही, म्हणून पेरणी नाही. एकदा मेथाकी खुरपं घेऊन शेतात गेली होती. नुसती उभी राहिली आणि परत आली. दुसरं कुणी असतं तर चार ओळी गुपचूप टोचल्याच असत्या, पण इथे सबंध गावात एका बाईनेही एक दाणा टाकला नाही.

वसंत गेला. न्यायला कुणीच आलं नाही. उन्हाळा लागला आणि कणग्या तळाला गेल्या.

कोवळ्या कणसांच्या महिन्यात कोवळी कणसं नव्हती. थेपाटी, अलाग्वाचा धाकटा भाऊ, वर बघत बसायचा. त्याचं नावच मुळी त्या शेपटीवर पट्टे असलेल्या प्राण्याचं, जो मक्यावर डल्ला मारतो आणि चोरी पकडली की दोन पायांवर उभा राहून बघत राहतो. घराच्या वाशाला बियाण्याच्या कणसांची वेणी टांगलेली होती. नऊ कणसं, निळ्या दाण्यांची.

“एकच भाजून दे ना, आई.”

“बियाणं आहे ते. नव्या जागेला लागेल.”

“मग अर्धं दे.”

“अर्ध्या कणसाचं अर्धंच शेत येतं. चालेल तुला?”

मग तो अलाग्वाकडे यायचा, तिच्या पाठीला डोकं घासायचा. ती केस विंचरत होती त्या दिवशी. भूक तिलाही होती. “माझ्यापुढे काय रडतोस? कणीस पाहिजे ना? जा, शेताला विचार!” ती म्हणाली.

तो गेला. खरंच गेला! रोज जायला लागला. शेतात गवत होतं आणि जुनी धसकटं. तो एकेका उंचवट्यापुढे उकिडवा बसायचा, विचारायचा, पुढच्या उंचवट्याकडे सरकायचा. बांधाला रानआलुबुखाराची झुडपं होती, फळं हिरवीगार, दगडासारखी. शेताने काही दिलं नाही तेव्हा त्याने ती खाल्ली. पाच दिवस त्याच्या पोटात काही टिकलं नाही. सहाव्या दिवशी सकाळी मेथाकीने स्टुलावर चढून वेणीतलं एक कणीस ओरबाडून काढलं, भाजलं, आणि त्याच्या हातात दिलं. बोटं मिटलीच नाहीत. मग तिने ती कणसाभोवती मिटवली आणि तसंच, कणीस हातात ठेवून, त्याला पुरायला दिलं.

खड्डा नोलेसी म्हाताऱ्याने खणला. नात्यातला नव्हता म्हणून त्याने खणला. रक्ताच्या माणसाने खड्ड्याला हात लावायचा नसतो. वर आडव्या ओंडक्यांची चौकट आणि सालीचं बुटकं छप्पर, तेही त्यानेच घातलं. अलाग्वा मदतीला पुढे झाली तेव्हा त्याने तिला कोपराने मागे सारलं होतं. “ओळखीचा हात लागला की जाणारा वळून बघतो, पोरी. आणि वळून बघितलं की त्याची वाट सुटते. मग ज्याचा हात, त्याच्या मागे येतो.”

आता वाशाला आठ कणसं होती.

यादी झाल्यावर रिकामी होणारी घरं बघायला गोरे लोक यायला लागले. निघायला आठ दिवस होते अजून. मेथाकी आणि अलाग्वा अंगणात कातडी ओली करून ताणत होत्या, जोडे शिवायला. ओलं कातडं दोघींनी दोन टोकांना धरून पायांनी रेटत ओढायचं, कंबर मोडते. तेवढ्यात एक माणूस आणि त्याची बायको कुंपण उघडून आत आली. हाक नाही, काही नाही. त्याच्या हातात गाठी मारलेली दोरी होती.

त्याने घर मोजलं. दार मोजलं. बायकोने मडक्यात डोकावलं, नाक मुरडलं, भिंतीला टेकवलेलं मेथाकीचं खुरपं उचलून तोललं आणि परत ठेवलं. मग तिने वाशाकडे बोट केलं. “ही रंगीत कणसं विकणार का म्हणावं. शोभेला छान दिसतील.”

“काय म्हणते?” मेथाकीने विचारलं.

“घर आवडलं म्हणते,” अलाग्वा म्हणाली. आणि इंग्रजीत तिने बाईला ठणकावलं, “विकायची नाहीत. हात लावू नका.”

“बोलते बघा कशी चुरुचुरु!” बाई नवऱ्याला म्हणाली. कौतुकानेच म्हणाली.

बा तेव्हाच ओढ्यावरून घोडे घेऊन आला. वेलापी, अलाग्वाचा बाप, गावात सगळ्यांत उंच, दारातून वाकून शिरणारा. त्या माणसाने दोरी खिशात कोंबली आणि विचारलंही नाही, करड्या घोडीचा ओठ वर करून दात बघितले. मग पुढच्या पायाकडे बोट दाखवलं, खूर वर कर. आणि बा वाकला. अलाग्वाचा बा वाकला आणि खूर उचलून धरून उभा राहिला, त्या माणसाचं बघून होईपर्यंत. का वाकला कोण जाणे. कदाचित इतक्या दिवसांत सांगितलेलं करायची पाठीलाच सवय झाली होती. करडी विकायची नव्हती. तिच्यावर अलाग्वाच्या पुढे बसून थेपाटी सगळ्या गावाला ओरडून सांगायचा, बाजूला व्हा, बाजूला व्हा!

मग तो माणूस टेकाडावर चढला. वर सात थडगी होती, सातवं नवं. त्याने इकडून तिकडे पावलं टाकली, सालीच्या छपरापाशी टाच रोवली आणि खाली बायकोला ओरडून सांगितलं.

“आता काय म्हणाला?” आईने विचारलं.

अलाग्वाने कातडं आणखी जोरात ओढलं.

“तुला कळतं म्हणून विचारते ना? एवढी शाळा शिकलीस ती कशाला?”

“डुकरांचं खोपटं तिथे बांधीन म्हणाला. उतार आहे, घाण वाहून जाईल.”

कातड्याचं दुसरं टोक एकदम सैल पडलं. मेथाकीने ते सोडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी टॅबिथाबाई पिठाची पिशवी घेऊन आल्या. करड्या कपड्यातली, करड्या डोळ्यांची बाई. उन्हाळाभर त्यांचं पीठ गावात आलं नसतं तर टेकाडावर सातावर थांबलं नसतं. त्या ओट्यावर टेकल्या आणि हळू बोलल्या, अलाग्वाला दोन वाक्यांमागे एक भाषांतर करता येईल इतक्या हळू. फक्त ह्या वेळी अलाग्वाचंच भाषांतर अडखळत होतं.

“म्हणतात... मला त्यांच्याकडे ठेवा. त्यांच्या घरी. त्यांचं आणि नवऱ्याचं अजून दोन वर्षं इथे असणं आहे. दोन वर्षांत मी शिकवायला लागेन म्हणतात.”

खरं सांगायचं तर ती आतून हरखली. टॅबिथाबाईंच्या माडीवर एक खिडकी होती, खिडकीत टेबल होतं, आणि टेबलावर जाडजूड पुस्तक उघडं पडलेलं असायचं. दोन वर्षं ती त्या खिडकीकडे खालून बघत आली होती. आई नाही म्हणेल, ह्याची तिला खात्री होती. आई शाळेला ‘तुझं ते कावळ्यांचं काव काव’ म्हणायची.

“ठेवते,” मेथाकी म्हणाली.

वेलापीने मान वर केली. “काय?”

“राहू दे तिला इथे.”

“डोकं फिरलंय तुझं! आपली माणसं तिकडे आणि पोरगी इकडे?”

“एकाने तरी ओळखायला नको, तो कुठे आहे ते?” मेथाकीचा आवाज चढलाच नाही, म्हणून तो ऐकवत नव्हता. “उद्या त्याच्यावरचं छप्पर काढणार तुम्ही. सगळं सपाट करणार. वर डुकरं येणार. मग सांगणार कोण, इथे होता म्हणून? ही इथे राहिली तर रोज येता-जाता बघेल. पाय कुठे ठेवायचा नाही तेवढं तिला ठाऊक असेल.”

“एक गेलंय. दुसरं देऊन टाकू?”

“तुम्ही सगळे जा. एक मूल मी त्याच्याजवळ ठेवते.”

टॅबिथाबाईंनी अलाग्वाकडे बघितलं. “काय चाललंय?”

“विचार करतायत,” अलाग्वा म्हणाली. तिचे हात मांडीवर पडून होते, त्या दिवशी ते एकदाही बोलले नाहीत. तो हरख कुठल्या कुठे गेला होता. ज्या खिडकीसाठी ती झुरत होती त्या खिडकीतून टेकाड दिसायचं, हे तिला तेव्हा आठवलं.

बाई उठल्या, पिशवी आत ठेवून गेल्या. निघायच्या दिवशी सकाळी कुंपणापाशी येऊन थांबेन म्हणाल्या.

थडगी सपाट करायला तीन दिवस लागले. गावाच्या चारी बाजूंनी फावड्यांचे आवाज यायचे, आणि बोलण्याचा एकही नाही. आधीच्या गावांमधून लोक निघून गेले तेव्हा मागून येणाऱ्यांनी चांदीच्या बाळ्यांसाठी आणि बिल्ल्यांसाठी सगळं उकरलं होतं. म्हणून वडीलधाऱ्यांनी ठरवलं, खूण ठेवायची नाही. ज्याने खणलं त्यानेच सपाट करायचं, ओंडके नदीत सोडायचे, वर गवताचे चौकोन बसवायचे आणि पाणी घालायचं. घरच्यांनी पाठ फिरवायची. बघायचंही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नोलेसी म्हातारा टेकाडावर आला. मेथाकी सालीच्या छपराला पाठ लावून बसली होती, पाय पसरून, भाकरी थापायला बसावं तशी. अलाग्वा तिच्या मागे उभी.

म्हाताऱ्याने फावडं खाली ठेवलं. तंबाखूची चिमूट मातीला वाहिली. मग तोही शेजारी बसला. उन्हाळ्याने त्याचं सगळं मांस नेलं होतं, गुडघेच मोठे उरले होते.

“ऊठ, मेथाकी.”

“ह्याचं राहू दे, काका. ह्याच्याकडे चांदी नाही.”

“माहीत आहे मला. मीच ठेवलंय त्याला.”

“एक कणीस आहे फक्त.”

“बाई,” म्हातारा म्हणाला, “माणसं चांदीसाठी उकरतात. डुकरं कणसासाठी उकरतात. घट्ट दाबून वर गवत बसवू दे मला.”

मेथाकी उठली. झग्याची माती झटकली नाही. खाली घराकडे चालत गेली, आणि रीत होती तशी पाठ करून चुलीच्या दगडाकडे तोंड करून बसली. अलाग्वानेही तिथेच टेकाडावर पाठ केली. वेलापी घोड्यांपाशी होता.

तिला मागून आवाज ऐकू येत होते. साल फाटल्याचा. एक ओंडका लोटल्याचा. दुसरा. मग धाप. मग बराच वेळ नुसती धाप, आणि खोकला. तिने वळून बघितलं. शेवटचा ओंडका ओल्या मातीत रुतला होता, आणि म्हातारा त्याच्यावर ओणवा पडला होता. उठायला जाऊन तो परत गुडघ्यांवर बसला.

ती पुढे झाली.

“मागे हो.” त्याने हात आडवा केला. “थांब. जरा दम घेतो आणि करतो. सांगितलंय ना तुला?”

“सांगितलंय, आजोबा.”

“ओळखीचा हात लागला तर...”

“वळून बघेल. आणि ज्याचा हात त्याच्या मागे येईल.”

“मग?”

“मग म्हणूनच.”

म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलं. पाण्यासारखे झालेले डोळे, पण ते नीट बघत होते. “तुला वाटतं हा खेळ आहे. वळून आलेला एकटा चालत नाही, पोरी. सोबत मागतो. आज नाही तर वाटेत. थंडी आहे पुढे. एवढी माणसं चाललीत, आणि तू दार उघडं ठेवतेस.”

“सोबत माझी मागू दे. दुसऱ्या कुणाची नाही. हात माझा आहे.”

म्हाताऱ्याने आडवा धरलेला हात हळूहळू खाली घेतला, आणि तोंड नदीकडे केलं, म्हणजे त्याने बघितलं नाही असं झालं.

अलाग्वाने ओंडक्याखाली बोटं घातली. माती थंड होती. तिला वाटलं होतं, काहीतरी होईल, वारा येईल, कावळा ओरडेल. काही झालं नाही. ओंडका जड होता एवढंच. तो निघाला तेव्हा खाली त्याच्या लांबीचा चर पडला होता, आणि तो चर किती आखूड होता! दोन ढांगांचासुद्धा नाही. ती गुडघ्यांवर बसली आणि हातांनी माती ओढायला लागली.

“थेपाटी,” ती कुजबुजली, “मी तुला शेताला विचार म्हणाले होते. शेताकडे काही नव्हतं रे. मला माहीत होतं, तरी म्हणाले. आता ऊठ. बस झालं. चल.”

तिने माती तुडवली नाही, तळव्यांनी दाबली. गवताचे चौकोन कडेला कडा लावून बसवले, ओढ्यावरून पाच खेपा पाणी आणलं. नखांखाली रक्त आलं होतं. सगळं झाल्यावर म्हाताऱ्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि फावड्याचा आधार घेत तो खाली उतरला. ती दहा पावलं चालली आणि वळली. बघितलं. गवत होतं. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं सारखं गवत. तिने बोट करून दाखवायचा प्रयत्न केला, इथे, नाही, तिकडे, त्या झुडपाच्या अलीकडे... बोट हवेत फिरत राहिलं. मग तिला रडू फुटलं, घशातून कुत्र्यासारखा आवाज काढत, तोंडात मातीने भरलेली बोटं कोंबून.

घरी कुणाला तिने काही सांगितलं नाही. हात धुऊन आली. वाशाची वेणी काढून आईला आठ कणसं चामड्यात गुंडाळायला मदत केली.

निघायच्या दिवशी गवतावर पहिलं दव गोठलं होतं. लांब रांग लागली होती, घोडे, घोड्यांवर म्हाताऱ्या, मडकी, पोरं, कुत्री. आजाऱ्यांच्या गाड्या मागे. कारकून वही घेऊन पुढून मागे, मागून पुढे करत होता. थीपी आपल्या आईच्या मागे घोड्यावर बसली होती, अलाग्वाला बघून तिने हात केला, मग खाली घेतला. अलाग्वा राहणार की येणार, हे अजून गावालाच कळलं नव्हतं.

कुंपणापाशी टॅबिथाबाई उभ्या होत्या, हातात एक करडा झगा घडी घालून.

अंगणात तीन घोडे. बाने अलाग्वाचं गाठोडं करडीवर बांधलं. आई आली, तिने गाठ सोडली आणि गाठोडं उंबऱ्यावर नेऊन ठेवलं. बाने ते परत बांधलं. आईने परत सोडलं. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हती. तिसऱ्यांदा बाचे हात गाठोड्यावर आले तेव्हा अलाग्वाने ते आपल्याकडे ओढून घेतलं आणि स्वतःच्या पाठीला बांधलं.

मग ती करडीपाशी गेली. रिकिबीचा पट्टा वर ओढला. आणखी वर ओढला. अगदी शेवटच्या भोकात अडकवला, सहा वर्षांचा पाय पोचेल इतका वर. खोगिरावर घोंगडी दुहेरी केली, कडेने मुरडून घेतली, म्हणजे लहान माणूस घसरू नये. मग थीपीची निळी माळ खिशातून काढली आणि खोगिराच्या पुढच्या उंचवट्याला दोन वेढे देऊन बांधली.

मेथाकी बघत होती. “हे काय चाललंय?”

“आई. बा. दोघं ऐका.” तिचा आवाज ओट्यावर कारकुनाला विचारतानाचाच होता, खणखणीत. हातांनी मात्र करडीची आयाळ घट्ट धरली होती. “मी टॅबिथाबाईंकडे राहणार नाही.”

“मग त्याची जागा कोण...”

“जागा आता कुणालाच ओळखू येणार नाही, आई. मलासुद्धा नाही. मी बघितलं ओळखून. नोलेसी आजोबांच्यानं उठवेना, तेव्हा शेवटचा ओंडका मी काढला. माती मी ओढली. ह्या हातांनी.”

वेलापीच्या हातातला लगाम गळून पडला. त्याने दोन्ही हात वर उचलले, पोरीला धरायला की मागे ढकलायला, त्यालाच कळलं नाही. मेथाकी जागेवरून हलली नाही. तिचे डोळे अलाग्वाच्या नखांवर होते, मग ते हळूहळू वर गेले, आखूड केलेल्या रिकिबीकडे, मुरडलेल्या घोंगडीकडे, निळ्या मण्यांकडे.

पुढून कारकुनाची हाक आली. रांग हलायला लागली होती.

“मी येणार,” अलाग्वा म्हणाली. “पण घोड्यावर बसणार नाही. मिसिसिपीपर्यंत नाही, तिच्या पलीकडेही नाही. करडी थेपाटीची. मी लगाम धरून चालणार.”